तक्त्याला विचारलेला प्रश्न : एका सोयीचे परीक्षण

हजेरीपट, गुणपत्रक, पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी, प्रयोगशाळेतली निरीक्षणे ही सगळी शेवटी एकाच रूपात आपल्यापुढे येतात : आडव्या ओळी आणि उभे स्तंभ. तक्ता भरणे हे कष्टाचे काम असते, पण अवघड नसते. अवघड असते ते त्याला प्रश्न विचारणे. संगणकावर हा प्रश्न विचारण्याच्या दोन रीती आज प्रचलित आहेत. एकीत आपण पायथनसारख्या भाषेत आज्ञावली लिहितो आणि ‘पँडास’ या लायब्ररीच्या मदतीने तक्ता चाळतो, गाळतो, जोडतो. दुसरीत तक्ता डेटाबेसमध्ये ठेवतो आणि एसक्यूएल या भाषेत पृच्छा करतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या ‘इन्फर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस’ या विषयात हे दोन्ही भाग आहेत, पण दोन स्वतंत्र घटक म्हणून. त्यामुळे एकच प्रश्न एकाच तक्त्याला दोन्ही रीतींनी विचारून उत्तरे ताडून पाहण्याची वेळ विद्यार्थ्यावर सहसा येत नाही.

गेल्या काही वर्षांत एक तिसरी सोय हाताशी आली आहे. तक्ता पायथनच्या आज्ञावलीतच, संगणकाच्या स्मृतीत राहू द्यायचा आणि तिथेच त्याच्यावर एसक्यूएलची पृच्छा चालवायची. डेटाबेसचा सर्व्हर नको, परवलीचा शब्द नको, आयात-निर्यात नको. ही सोय चांगली आहे, असे आमचे मत आहे. मात्र तिची जी स्तुती सर्वत्र चालते ती चुकीच्या गुणासाठी चालते, आणि तिच्यातला खरा धोका त्या स्तुतीत झाकला जातो. या लेखात तो धोका आकड्यांनिशी दाखवायचा आहे.

दोन शब्द इतिहासाचे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी १९७० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती कशी साठवली आहे याचा विचार न करता, तक्त्यांतील संबंधांच्या गणितावर आधारून तिच्याशी व्यवहार करावा, हा त्याचा गाभा. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या विचारावर एक भाषा बेतली. तीच पुढे एसक्यूएल झाली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेच्या मानक संस्थेचे रूप मिळाले. पँडासची कुळी वेगळी आहे. ‘डेटाफ्रेम’ ही कल्पना संख्याशास्त्रज्ञांच्या एस आणि आर या भाषांतून आली. वेस मॅकिनी यांनी २००८ पासून ती पायथनमध्ये उभी केली, तेव्हा ते एका गुंतवणूक कंपनीत काम करीत होते. एक घराणे डेटाबेसवाल्यांचे, दुसरे संख्याशास्त्रज्ञांचे. घराण्यांची ही भिन्नता लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या कटकटी तिच्यातूनच निघतात.

दोघांमध्ये पूल बांधण्याचे पहिले प्रयत्न साधे होते. आर भाषेतील ‘एसक्यूएलडीएफ’ आणि त्याच्या धर्तीवर पायथनसाठी निघालेले ‘पँडासएसक्यूएल’ हे दोन्ही एकच युक्ती करतात. स्मृतीतला तक्ता पूर्णपणे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये उतरवायचा, पृच्छा चालवायची आणि उत्तर पुन्हा डेटाफ्रेममध्ये आणायचे. पाणी एका हंड्यातून दुसऱ्यात ओतून मोजायचे आणि परत पहिल्यात ओतायचे, तसा हा प्रकार. तक्ता मोठा असला की ओतण्यातच वेळ जातो.

२०१९ साली अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या राष्ट्रीय संशोधन संस्थेतील मार्क रासव्हेल्ट आणि हानेस म्यूलायझेन यांनी ‘डकडीबी’ जगापुढे मांडला. (पायथनचा जन्मही याच संस्थेतला, हा योगायोग गमतीचा आहे.) जून २०२४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. एसक्यूलाइट तक्ता ओळीओळीने ठेवतो. प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र प्रगतिपुस्तक असावे तसा. साऱ्या वर्गाच्या गणिताच्या गुणांची सरासरी हवी असेल तर प्रत्येक पुस्तक उघडावे लागते. डकडीबी स्तंभास्तंभाने विचार करतो. गणिताचे सगळे गुण एका पट्टीवर सलग असतात, तेवढीच पट्टी तो वाचतो, आणि तीही एकेक आकडा न घेता मोठ्या घासांनी. पँडासमधले आकड्यांचे स्तंभही स्मृतीत असेच सलग पडलेले असतात, त्यामुळे ते तो जागच्या जागी वाचू शकतो. मजकुराच्या स्तंभांना मात्र बरेचदा रूपांतराचा खर्च पडतो.

स्तुती होते ती या वेगाची. शाळेच्या संदर्भात तिला फारसा अर्थ नाही. काही शे ओळींच्या तक्त्यावर दोन्ही रीतींची उत्तरे पापणी लवायच्या आत येतात, आणि कोण किती पट वेगवान याच्या जाहिराती ज्या आकाराच्या तक्त्यांवर बेतलेल्या असतात तसे तक्ते आपल्या वर्गात येत नाहीत. आम्हाला या सोयीचा खरा गुण वेगळाच वाटतो. एसक्यूएलची पृच्छा मोठ्याने वाचता येते. ‘प्रवासी या तक्त्यातून, वय अठराहून कमी असलेले, वर्गवार मोजून दे’ हे मराठी वाक्य आणि ती पृच्छा यांत फारसे अंतर नाही. काय हवे ते सांगायचे, कसे मिळवायचे ते यंत्रावर सोडायचे. पँडासच्या आज्ञांत चौकोनी कंस, बिंदू आणि साखळीसारखे जोडलेले शब्द यांमागे मूळ प्रश्न हरवतो. विद्यार्थ्याने नेमके काय विचारले आहे हे शिक्षकाला वही तपासताना दिसले पाहिजे, आणि त्या कसोटीवर एसक्यूएल निःसंशय सरस आहे.

आता धोक्याकडे वळू. त्यासाठी सर्वत्र शिकवायला वापरला जाणारा एक तक्ता घेऊ. १५ एप्रिल १९१२ रोजी बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांचा हा तक्ता. ‘कॅगल’ या संकेतस्थळावर सरावासाठी दिलेल्या भागात ८९१ प्रवाशांच्या ओळी आहेत. त्यांपैकी ३४२ वाचले. वयाचा रकाना १७७ ओळींत रिकामा आहे, केबिनचा ६८७ ओळींत, आणि कोणत्या बंदरावर चढले हा रकाना फक्त २ ओळींत. (आज्ञा येथे देवनागरीत छापल्या आहेत, संगणकावर त्यांचे मुख्य शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतील.)

प्रश्न साधा आहे : १८ वर्षांखालील किती आणि इतर किती? पहिल्या भागाचे उत्तर दोन्ही रीतींनी ११३ येते. दुसरा भाग विचारताना बहुतेक जण अट उलटी करतात. पँडासमध्ये

प्रवासी[~(प्रवासी.वय < १८)]

असे लिहिले, यातील ~ या चिन्हाचा अर्थ ‘नाही’, तर ७७८ ओळी मिळतात. एसक्यूएलमध्ये

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम प्रवासी व्हेअर नॉट (वय < १८)

असे विचारले तर उत्तर येते ६०१. तक्ता तोच, आज्ञावली तीच, स्मृतीतली जागाही तीच, आणि उत्तरांत १७७ चा फरक. संगणक कोठेही कुरकुरत नाही, तांबड्या अक्षरांत सूचना देत नाही.

असे का होते? पँडासच्या नेहमीच्या स्तंभात रिकामा रकाना ही ‘संख्या नसलेली संख्या’ म्हणून ठेवलेली असते. तिची १८ शी तुलना केली की उत्तर ‘असत्य’ येते. असत्याचे उलट सत्य. म्हणून वय ठाऊक नसलेले १७७ प्रवासी निमूटपणे प्रौढांच्या रांगेत जाऊन उभे राहतात. एसक्यूएलमध्ये रिकाम्या जागेला ‘नल’ म्हणतात (दमयंतीचा नव्हे), आणि तिथे तर्कशास्त्र तीन किमतींचे आहे : सत्य, असत्य आणि अज्ञात. अज्ञात वय १८ हून कमी आहे काय? अज्ञात. याच्या उलट काय? तेही अज्ञात. अट पाळणाऱ्या ओळींतच ज्यांचे उत्तर निखालस सत्य आहे त्या येतात, म्हणून हे १७७ जण दोन्हीकडून बाहेर राहतात. ११३ आणि ६०१ मिळून ७१४ होतात, ८९१ नव्हे.

फरक केवळ मोजणीचा नाही. एसक्यूएलच्या हिशेबाने प्रौढ ६०१, त्यांतले वाचलेले २२९, म्हणजे सुमारे ३८.१ टक्के. पँडासच्या हिशेबाने ७७८ पैकी २८१, म्हणजे सुमारे ३६.१ टक्के. वय न नोंदलेल्या १७७ प्रवाशांत वाचलेले केवळ ५२, म्हणजे सुमारे २९.४ टक्के आहेत. त्यांच्या भरतीमुळे प्रौढांचे प्रमाण खाली ओढले जाते. जो स्वतःच एक निष्कर्ष असायला हवा होता, म्हणजे ज्यांची नोंद अपुरी राहिली त्यांच्यात वाचलेले कमी होते हा, तो दुसऱ्याच एका आकड्यात विरघळून जातो.

येथे एसक्यूएल शहाणे आणि पँडास वेंधळे, असे कोणी म्हणेल तर आम्ही सहमत होणार नाही. एसक्यूएलचा नल स्वतः कमी फसवा नाही. पहिल्या वर्गातल्या कोणाचीही नाही अशी केबिन कोणाकोणाची आहे, हे ‘नॉट इन’ या शब्दांनी विचारून पाहा. पहिल्या वर्गातील काहींच्या केबिनचा रकाना रिकामा आहे. ज्या यादीत एकही नल आहे तिच्यात एखादी गोष्ट ‘नाही’ असे एसक्यूएल कधीच खात्रीने म्हणू शकत नाही. परिणामी उत्तरात एकही ओळ येत नाही, आणि ‘असे कोणी नाहीच’ असा समज करून घेऊन विद्यार्थी पुढे जातो. सी. जे. डेट यांच्यासारखे याच विषयातले अधिकारी लेखक नलच्या कल्पनेवर सतत टीका करीत आले आहेत, ती उगीच नाही. स्वतः कॉड यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात रिकाम्या जागेचे दोन प्रकार वेगळे मानावेत असे सुचवले होते : माहिती आहे पण आपल्याला ठाऊक नाही, आणि माहिती लागूच होत नाही. शिक्षकांना हा भेद नवीन नाही. गुणपत्रकात गैरहजर मुलाचा रिकामा रकाना आणि तो विषयच न घेतलेल्या मुलाचा रिकामा रकाना आपण कधी एक मानत नाही. एसक्यूएलने मात्र ही सूचना स्वीकारली नाही.

दुसरा नमुना गटवारीचा. प्रवासी कोणत्या बंदरावर चढले यानुसार गट पाडा. पँडास तीन गट देतो : ६४४, १६८ आणि ७७. बेरीज ८८९. ज्या दोघांचे बंदर नोंदलेले नाही ते गळून गेलेले असतात (गळू नयेत म्हणून वेगळी सूचना द्यावी लागते). एसक्यूएलची ‘ग्रुप बाय’ चार गट देते आणि बेरीज ८९१ येते. म्हणजे गाळताना पँडास रिकाम्यांना आत घेतो आणि गट पाडताना बाहेर टाकतो. एसक्यूएल नेमके उलट वागते. यात काही एक तत्त्व शोधू गेलो तर हाती फारसे लागत नाही. दोन घराण्यांच्या दोन सवयी आहेत, इतकेच.

जोडणीत तर कहर होतो. एकाच केबिनमध्ये कोण कोण होते हे पाहण्यासाठी तक्ता केबिनवरून स्वतःशीच जोडला, तर एसक्यूएल रिकाम्या केबिनींना एकमेकींशी जोडत नाही, कारण अज्ञात म्हणजे अज्ञाताइतकेच असे म्हणता येत नाही. पँडास जोडतो. त्याच्या लेखी ६८७ रिकामे रकाने एकमेकांसारखेच आहेत. परिणाम : ६८७ गुणिले ६८७, म्हणजे ४,७१,९६९ जोड्या केवळ रिकामेपणातून जन्माला येतात. पँडासच्या माहितीपुस्तिकेत हे वर्तन स्पष्ट लिहिलेले आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करायला हवे.

याहून बिकट म्हणजे पँडासचे उत्तर स्तंभाच्या प्रकारावरही अवलंबून असते. २०२० च्या १.० आवृत्तीपासून त्यात रिकाम्या जागेसाठी एक नवे चिन्ह आले आहे आणि ते तीन किमतींचे तर्कशास्त्र पाळते. वयाचा स्तंभ त्या नव्या प्रकारात बदलून घेतला तर वरच्याच आज्ञेचे उत्तर ७७८ ऐवजी ६०१ येते. आज्ञेत एका अक्षराचाही फरक नाही!

म्हणून आमचा मुख्य आक्षेप असा. डकडीबीसारख्या सोयीने या दोन जगांमधली भिंत इतकी पातळ केली आहे की आपण ती ओलांडतो आहोत हेच कळत नाही. डेटाफ्रेममधली ‘संख्या नसलेली संख्या’ वाचताना तो तिचा नल करून घेतो. हे योग्यच आहे, दुसरे काही करणे अधिक वाईट झाले असते. परंतु हे रूपांतर गुपचूप होते. पूर्वी फाइल लिहून दुसऱ्या यंत्रात भरावी लागे, तेव्हा रिकाम्या जागांचे काय करायचे हा प्रश्न निदान एकदा तरी समोर उभा राही. आता एका आज्ञेच्या शेवटी एक तर्कशास्त्र असते आणि पुढच्या आज्ञेच्या सुरुवातीला दुसरे. या सोयीची ओळख करून देणाऱ्या लेखनात वेगाचे आलेख पहिल्या पानावर असतात; ७७८ आणि ६०१ चे उदाहरण पहिल्या पानावर असायला हवे.

दुसरा आक्षेप नावांचा. पायथनमध्ये ‘प्रवासी’ नावाच्या चलात डेटाफ्रेम ठेवली की डकडीबीच्या पृच्छेत ‘फ्रॉम प्रवासी’ एवढेच लिहिले तरी चालते. त्या नावाचा तक्ता स्वतःपाशी सापडला नाही तर तो आज्ञावलीतल्या चलांमध्ये शोध घेतो. पहिल्यांदा पाहताना ही जादू वाटते. पण त्याच नावाचा तक्ता डेटाबेसमध्ये आधीच असेल तर तो निवडला जातो आणि तुमचा ताजा, दुरुस्त केलेला चल तसाच बाजूला राहतो. शिवाय आज्ञावली तपासणारी साधने ‘हा चल कोठेही वापरलेला नाही’ असे सांगू लागतात, कारण अवतरणचिन्हांतला मजकूर ती वाचत नाहीत; आणि त्यावर विश्वासून एखादा विद्यार्थी ती ओळ पुसून टाकतो. ही सोय बंद करण्याची तरतूद आहे. तक्ता नाव देऊन आपल्या हाताने नोंदवण्याचीही आहे. वर्गात आम्ही हीच सुचवू. एक ओळ जास्त लागते, पण पृच्छेला कोणता तक्ता दिला हे कागदावर दिसते.

पृच्छा ही पायथनच्या दृष्टीने केवळ अक्षरांची माळ असते, याचा आणखी एक परिणाम आहे. तक्त्यात ओ’ड्वायर आडनावाची एक प्रवासी आहे. हे आडनाव माळेत तसेच जोडून पृच्छा तयार केली तर आडनावातले चिन्ह अवतरणाचा शेवट समजले जाते आणि पृच्छा मोडते. येथे ती निदान मोडते. दुष्ट हेतूने रचलेला मजकूर असता तर मोडली नसती, भलतेच काही करून गेली असती. संकेतस्थळांवरील चोऱ्यांचा एक जुना मार्ग हाच आहे. पृच्छेत प्रश्नचिन्ह ठेवून किंमत वेगळी पाठवणे हा त्यावरचा उपाय पहिल्या तासालाच शिकवावा, सुरक्षिततेच्या प्रकरणाची वाट पाहू नये.

किरकोळ दोन गोष्टी. गट पाडल्यावर पँडास ते क्रमाने लावून देतो. एसक्यूएल ‘ऑर्डर बाय’ लिहिल्याशिवाय क्रमाची हमी देत नाही, आणि आज आला तो क्रम उद्या येईलच असे नाही. तसेच एकही ओळ नसलेल्या स्तंभाची बेरीज पँडासमध्ये ० येते, एसक्यूएलमध्ये नल. ‘काहीच नाही’ची बेरीज किती, हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांपुढे टाकून पाहावा. वाद चांगला रंगतो.

मग वर्गात काय करावे? आम्ही एसक्यूएलची बाजू घेऊ, पण पँडासला रजा देऊन नव्हे. मुलांना टायटॅनिकचा तक्ता द्यावा आणि संगणक सुरू करण्यापूर्वी ‘१८ वर्षांखालील नसलेले’ किती येतील याचा अंदाज कागदावर लिहायला लावावा. मग दोन्ही रीती चालवाव्यात. प्रत्येक वेळी भागांची बेरीज ८९१ शी ताडून पाहण्याचा नियम घालावा. बेरीज जुळली नाही तर हरवलेले कोण ते शोधायचे; आणि जुळली तर, पँडासच्या उदाहरणात ती जुळतेच (११३ आणि ७७८), कोणाला कोणाच्या नावावर खपवले ते शोधायचे. दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे, म्हणून त्याला अधिक वेळ द्यावा. ‘वय ठाऊक नाही’ असा तिसरा गट दोन्ही भाषांत उघडपणे लिहिता येतो. तो लिहिला की तिन्ही आकडे जुळतात : ११३, ६०१ आणि १७७.

व्यवहाराचे थोडेसे. डकडीबी विनामूल्य आहे, एमआयटी परवान्याखाली त्याचा मूळ मजकूरही खुला आहे, आणि पायथन असलेल्या संगणकावर तो एका आज्ञेने बसतो. इंटरनेट लागते ते तेवढ्यापुरतेच. ज्या शाळांत जुने, कमी स्मृतीचे संगणक आहेत त्यांच्यासाठी त्याचा एक गुण खरोखर मोलाचा आहे. स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या फाइलवर, ती सबंध स्मृतीत न आणता, तो थेट पृच्छा चालवू शकतो. एसक्यूलाइट तर पायथनबरोबरच येतो, तेव्हा आज सायंकाळी सुरुवात करायची असेल तर काहीही नवे बसवायची गरज नाही. स्तंभांची नावे दोन्हीकडे मराठीत ठेवता येतात. पृच्छेत ती दुहेरी अवतरणचिन्हांत घालावीत म्हणजे झाले.